फिजिओलॉजी शिकून सरकारी सायंटिस्ट व्हायचंय, नेमके रस्ते कुठले?

मृण्मयी_२३
नमस्कार मंडळी. माझं एमएस्सी मेडिकल फिजिओलॉजी (म्हणजे शरीरक्रियाशास्त्र; तीन वर्षांवालं, अभिमत विद्यापीठातून) येत्या दोनतीन महिन्यांत संपतंय. त्याआधी बीएस्सी झूलॉजी. थिसिस रात्रपाळी करणाऱ्या नर्सेसच्या हार्ट रेट व्हेरिएबिलिटीवर (एचआरव्ही, हृदयाच्या ठोक्यांमधल्या वेळेतला चढउतार) आहे. मेडिकल कॉलेजात शिकवायला मला आवडेल पण खरी ओढ रिसर्चची आहे, आणि शक्यतो सरकारी संस्थेत, कारण घरचा सगळा डोलारा वडलांच्या एकट्याच्या पगारावर आहे आणि धाकट्या भावाचं शिक्षण अजून बाकी आहे. गाइडना विचारलं तर म्हणाले ट्यूटर म्हणून लाग, पुढचं पुढे बघू. नेटवर शोधलं तर सगळीकडे तेच तेच 'विपुल संधी' वगैरे, एका तरी पोस्टचं नाव द्या ना. 'फिजिओलॉजिस्ट पाहिजे' अशी सरकारी जाहिरात मी आजवर पाहिलेली नाही. इथे कोणी या वाटेने गेलंय का? जे माहितीये ते सविस्तर लिहा प्लीज, कितीही लांब असलं तरी वाचेन.

गिरकी
मृण्मयी, मी दिल्लीला डिपासमधे जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) होते, पीएचडी तिथूनच केली, तेव्हा तेवढ्यापुरतं नीट सांगू शकते.

डिपास म्हणजे डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ फिजिओलॉजी अँड अलाइड सायन्सेस, डीआरडीओची लॅब, तिमारपूरला आहे. स्थापना १९६२ची, म्हणजे ज्या वर्षी आपल्या जवानांना मैदानातून उचलून थेट हिमालयात लढायला पाठवावं लागलं तेच वर्ष. उंचीवर, थंडीत, वाळवंटातल्या उकाड्यात माणसाचं शरीर काय करतं, त्याला किती आणि काय खायला द्यायचं, पाठीवर किती ओझं चालेल, हे सगळं काम तिथे चालतं. लष्करात चढाईचे जे टप्पे ठरलेले आहेत, ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस थांबायचं, मग १५,००० पर्यंत चार दिवस आणि त्याच्या वर जायचं तर अजून चार, त्यामागे हेच शास्त्र आहे, आणि हे टप्पे पाळल्यामुळे माणसं जगतात गं, यापेक्षा मोठं समाधान मला दुसऱ्या कुठल्या लॅबमधे मिळालं असतं असं वाटत नाही. लडाखमधे चांग ला खिंडीजवळ १७,६०० फुटांवर डीआरडीओचं संशोधन केंद्र आहे, २०१५ मधे सुरू झालं, ते लेहच्या डिहार या लॅबकडे येतं. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या आपल्या मोहिमांमधल्या लोकांवरही डिपासने अभ्यास केलेत.

आता शिरायचं कसं. जेआरएफची जाहिरात डीआरडीओच्या वेबसाइटवर येते, एमएस्सी आणि नेट ही सीएसआयआरची पात्रता परीक्षा (किंवा जाहिरातीत म्हटलं असेल तर गेट) लागतं, वयाची मर्यादा २८, राखीव प्रवर्गांना सूट आहे. स्टायपेंड २०२३ पासून महिना ३७,००० अधिक एचआरए, एसआरएफ (सीनिअर फेलो) झालं की ४२,०००. ही नोकरी नाही, फेलोशिप आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेव. पर्मनंट म्हणजे सायंटिस्ट बी, ते आरएसी म्हणजे रिक्रूटमेंट अँड असेसमेंट सेंटर भरतं, लेव्हल १०, बेसिक ५६,१००. पण इंजिनीअर लोकांच्या जागा भरपूर निघतात आणि लाइफ सायन्सवाल्यांच्या मोजक्याच, त्याही दरवर्षी येतीलच असं नाही. एकदा आत गेलं की प्रमोशन जागा रिकामी व्हायची वाट बघत नाही, कामाचं मूल्यमापन होऊन मिळतं, हे फार चांगलं आहे.

इंटरव्ह्यूचं सांगते कारण पुस्तकात सापडत नाही. मला बोर्डावर ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह (रक्त किती ऑक्सिजन धरून ठेवतं त्याचा आलेख) काढायला लावला. काढला. मग म्हणाले, याच माणसाला विमानाने लेहला उतरवला, आता कर्व्ह कुठे सरकेल? बहुतेक जण पाठ केलेलं 'उजवीकडे' म्हणून टाकतात. पहिल्या काही तासांत श्वास वाढतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्त अल्कलाइन होतं आणि कर्व्ह डावीकडे ओढला जातो, मग एकदोन दिवसांत टू-थ्री डीपीजी (तांबड्या पेशींतलं एक रसायन) वाढलं की उजवीकडे खेचला जातो, म्हणजे दोन्ही ओढाताणी सांगून कधी कुठली जास्त हे सांगायचं. त्यापुढचा प्रश्न होता, मग हे मोजशील कसं, कुठलं रक्त घेशील, किती वेळात मशीनला लावशील. तुझ्या थिसिसमधलं प्रत्येक मशीन हाताने चालवलेलं असू दे, टेक्निशियनवर सोडू नकोस.

मृण्मयी_२३
गिरकीताई, खूप खूप आभार. एचआरव्हीचं सगळं रेकॉर्डिंग मीच केलंय, रात्री दोन वाजता वॉर्डात जाऊन. नेट लाइफ सायन्सेसला बसणारे, पण त्यात फिजिओलॉजी कितीशी असते?

गिरकी
एक युनिट आहे, सिस्टिम फिजिओलॉजी अॅनिमल, सातवं. ते तुझं हक्काचं. बाकी सेल बायोलॉजी, मॉलिक्युलर, जेनेटिक्स, इकॉलॉजी वगैरे करावंच लागेल. प्लांट फिजिओलॉजी वेगळं युनिट आहे, वेळ नसेल तर ते सोड. गेट देणार असशील तर एक्सएल पेपर, त्यात केमिस्ट्री सगळ्यांना सक्तीची आणि झूलॉजी सेक्शनमधे तुझा भाग येतो.

बीजे_चा_जुना
मी सरकारी मेडिकल कॉलेजात फिजिओलॉजी शिकवून निवृत्त झालो, नॉन-मेडिकल शिक्षकांबद्दल थोडं लिहितो कारण यात मुलांची फार फरफट झाली आहे आणि मला त्याचं अतिशय वाईट वाटतं.

पूर्वी अॅनाटॉमी, फिजिओलॉजीत ३० टक्क्यांपर्यंत शिक्षक एमएस्सी-पीएचडी चालायचे. २०२० मधे एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) ते १५ टक्के केलं आणि मायक्रोबायोलॉजी व फार्माकॉलॉजीत तर दारच बंद केलं. चांगली शिकवणारी मुलं एका रात्रीत अधांतरी. २०२५ च्या फॅकल्टी नियमांत पुन्हा त्या विषयांना जागा दिली, ही स्वागताची गोष्ट. पण नियम दोनदा बदलले म्हणजे तिसऱ्यांदाही बदलू शकतात, म्हणून फक्त याच एका खुंटीवर सगळं टांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पीएचडीशिवाय ट्यूटरच्या वर सरकता येत नाही, त्यामुळे गाइड म्हणतात ते अर्धंच बरोबर, ट्यूटर हो पण त्याच वेळी पीएचडीची नोंदणी कर.

एम्सचा रस्ता वेगळा बघ. तिथे नॉन-मेडिकल असिस्टंट प्रोफेसरला त्या विषयातली मास्टर्स, पीएचडी आणि तीन वर्षांचा शिकवण्याचा किंवा संशोधनाचा अनुभव लागतो. नागपूरला मिहानमधे एम्स आहेच, देशभर नवनवीन एम्स झाली आहेत, प्रत्येकाची जाहिरात वेगवेगळी निघते. आणि एक सांगतो, दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक डॉ. भा. बा. दीक्षित, अमरावतीत जन्मलेले, ते मुळात फिजिओलॉजी आणि फार्माकॉलॉजीचेच माणूस. हा विषय दुय्यम आहे असं कोणी म्हणालं तर मान खाली घालू नकोस.

वाडी_नागपूर
धागा बघून राहवलं नाही. रात्रपाळीच्या नर्सेसची एचआरव्ही म्हणजे हे तर सरळ ऑक्युपेशनल फिजिओलॉजी झालं ना! मृण्मयी, तू ज्या जाहिराती शोधते आहेस त्या ऑक्युपेशनल हेल्थ (कामगारांचं आरोग्य) आणि एर्गोनॉमिक्स (काम शरीराला झेपेल असं बेतण्याचं शास्त्र) या नावाखाली असतात. फिजिओलॉजिस्ट असं लिहिलेलं फार क्वचित दिसेल.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एनआयओएच, म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, अहमदाबादला आहे, १९६६ पासून, बंगळुरू आणि कोलकात्याला तिची प्रादेशिक केंद्रं आहेत. आमच्या नागपुरात वाडीला खाणकामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था होती, २०१९ मधे ती एनआयओएचमधे विलीन करायचा निर्णय झाला. खाणीतलं काम कसं असतं सांगतो. डंपर चालवणारा माणूस आठ तास सीटवर बसतो, रस्ता म्हणजे नुसते दगड, सगळा हादरा कण्यातून जातो. सीटवर एक चपटी रबरी चकती ठेवतात, त्यात अॅक्सिलरोमीटर असतो, तो तिन्ही दिशांचं कंपन मोजतो, आणि बाजूला ड्रायव्हरची पाठ, मान, झोप, बीपी याची नोंद. मी प्रोजेक्टवर होतो तेव्हा एक काका म्हणाले, साहेब वीस वर्षं झाली कंबर दुखते, कोणी पहिल्यांदा विचारलं. तो आकडा कागदावर आला की सीट बदला, रस्ता सपाट करा, शिफ्ट कमी करा असं कंपनीला सांगता येतं. आपल्या विषयाचा उपयोग याहून थेट कुठे होणार?

आणि मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, केंद्राच्या कामगार मंत्रालयाच्या डीजीफासली या महासंचालनालयाची, मंकीकर मार्गावर. कारखान्यातला उष्णतेचा ताण, ओझं उचलणं, कामाची तब्येतीला लागणारी झळ, असलं काम तिथलं. वरच्या जागा यूपीएससीतून येतात, पाचदहा वर्षांतून एखादी येते, पण आपल्याकडच्या किती जणांना ही संस्था आहे हेच माहीत नसतं म्हणून अर्जही कमी जात असतील.

मृण्मयी_२३
सायनवरून मी कित्येकदा गेलेय, मला खरंच माहीत नव्हतं!! आणि डंपरचं वाचून अंगावर काटा आला. थिसिस पुढे नेऊन शिफ्ट वर्कवरच पीएचडी करावी का मग?

वाडी_नागपूर
कर. आणि नर्सेसपुरती ठेवू नको. एसटीचे ड्रायव्हर, साखर कारखान्यातले बॉयलरवाले, ऊसतोड कामगार. तू कराड-साताऱ्याकडची असशील तर विषय दाराशी आहे. ऊसतोडणीतल्या उन्हाच्या ताणावर नीट मोजमाप करून काम करणारी माणसं हवी आहेत.

पानगळ
थोडं विषयांतर पण उपयोगी पडेल कोणाला. फिजिओलॉजी काय फक्त माणसाचीच नसते. मी प्लांट फिजिओलॉजीवाला, राहुरीतून. आमच्याकडे रस्ता बराच सरळ आहे, एएसआरबी (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) ही संस्था एआरएसची (कृषी संशोधन सेवेची) परीक्षा घेते, त्यात प्लांट फिजिओलॉजी आणि अॅनिमल फिजिओलॉजी हे चक्क स्वतंत्र विषय आहेत, निवड झाली की हैदराबादला नार्म या अकादमीत ट्रेनिंग आणि मग आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) कुठल्याही संस्थेत पोस्टिंग. सुरुवातीचं बेसिक ५७,७००. बारामतीला माळेगावात अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, २००९ ची, दुष्काळ, क्षार, उष्णता यात पीक कसं तग धरतं हेच तिथलं काम म्हणजे शुद्ध फिजिओलॉजी. जनावरांसाठी बंगळुरूची एनआयएएनपी, माशांसाठी मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई. फक्त अॅनिमल फिजिओलॉजीला बहुतेक व्हेटरनरीचे लोक असतात, मेडिकल फिजिओलॉजीची डिग्री पात्रतेत बसते का हे त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमधे शब्द न् शब्द वाचून बघायचं. कृषी विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एएसआरबीची नेट वेगळी, सीएसआयआरवाली नव्हे.

ट्रॅकसूट
स्पोर्ट्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून. साई म्हणजे स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियामधे 'हाय परफॉर्मन्स अॅनालिस्ट' अशी पोस्ट निघते, त्यात फिजिओलॉजी ही एक शाखा असते, शिवाय बायोमेकॅनिक्स, सायकॉलॉजी वगैरे. पतियाळाची एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्था) यातलं जुनं केंद्र, १९६१ चं. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, तिथेही सिव्हिलियन स्पोर्ट्स सायंटिस्ट घेतात. काम मस्त, व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं), लॅक्टेट थ्रेशोल्ड (किती व्यायामाला रक्तात लॅक्टेट साचायला लागतं), कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन लगेच रीडिंग आणि कोचला संध्याकाळच्या आत रिपोर्ट, कारण उद्या सकाळी तो मुलांना किती पळवायचं ते त्यावरच ठरवणार. पण स्पष्ट सांगतो, या जागा बहुतांश कॉन्ट्रॅक्टवर आहेत. सरकारी संस्था आहे, सरकारी नोकरी नाही.

धुकं_धुकं
वरच्या मुद्द्याला जोडून. मी सात-आठ वर्षं एका मोठ्या केंद्रीय संस्थेत प्रोजेक्टवर काढली (नाव लिहीत नाही). प्रोजेक्ट असिस्टंट, मग प्रोजेक्ट सायंटिस्ट, एक प्रोजेक्ट संपला की दुसरा, प्रत्येक वेळी नवीन इंटरव्ह्यू, मधे दोनतीन महिने पगार नाही, मॅटर्निटीच्या रजेसाठी तर पत्रांवर पत्रं लिहावी लागली. काम मी मनापासून केलं आणि त्याच्यावर माझं प्रेम आहे. पण दरवर्षी कोणीतरी म्हणायचं आता रेग्युलर जागा निघणार आहेत, आणि निघाल्या तेव्हा मी वयोमर्यादेच्या बाहेर गेले होते. मृण्मयी, प्रोजेक्ट जरूर कर, हात चालू राहतो, पेपर होतात. पण पहिल्या दिवसापासून कागदावर तीन तारखा लिहून ठेव: तुझं वय रेग्युलर सायंटिस्ट बीच्या अटीतून कधी बाहेर पडेल, जेआरएफच्या अटीतून कधी, आणि पीएचडी कधी संपायला हवी. घरची परिस्थिती तू लिहिलीयेस म्हणून कळकळीने सांगते आहे.

मृण्मयी_२३
ताई, हे वाचून थोडा वेळ गप्पच बसले. तारखा आजच लिहिते. तुम्ही आता काय करता, विचारलं तर चालेल ना?

धुकं_धुकं
चालेल की. आता एका केंद्रीय विभागात प्रोग्रॅम मॅनेजमेंटच्या कामात आहे, लोकांचे प्रोजेक्ट प्रस्ताव तपासणं, समित्यांच्या बैठका, निधी वेळेत सुटतोय का बघणं. लॅब नाही. पण संशोधकांचे पैसे अडकू नयेत म्हणून मी भांडते, ते मला आतून माहिती असल्यामुळे जमतं. डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), डीएसटी (विज्ञान व तंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर मुख्यालय, बायरॅक (जैवतंत्रज्ञान उद्योगांना निधी देणारी सरकारी संस्था) इथे अशा जागा निघतात आणि पीएचडीवाल्यांनी त्याकडे जरूर बघावं.

गगनभेदी
स्पेसचं स्वप्न असणाऱ्यांसाठी दोन ओळी. बंगळुरूचं हवाई दलाचं इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन, गगनयानच्या अंतराळवीरांच्या निवड चाचण्या तिथेच झाल्या. नौदलाचं तसंच मुंबईत अश्विनी हॉस्पिटलजवळ, डायव्हिंगचं काम. दोन्हीकडे मुख्यतः वर्दीतले एमबीबीएस डॉक्टर, एमएस्सी-पीएचडीवाल्यांना जागा कमी. इस्रो स्वतः घेते ते प्रामुख्याने इंजिनीअर. मग आपण कुठून? तर सहयोगी लॅबमधून. २०२५ मधे शुभांशू शुक्ला अॅक्सिअम-४ या अंतराळ मोहिमेवर गेले तेव्हा स्नायूंच्या पुनर्निर्मितीचा जो प्रयोग होता तो बंगळुरूच्या इनस्टेमचा, ती डीबीटीची स्टेम सेल संशोधनाची संस्था. तर लॅब निवडताना त्यांचे कोणाशी सहकार्य आहेत ते बघा.

बॉस्टनकर
इकडचं कोणी विचारलं तर आधीच सांगतो. यूएस आर्मीची डिपाससारखी संस्था आहे नेटिकला, युसारिएम, १९६१ ची, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. उंची, उष्णता, थंडी, पोषण, सगळं तेच. पण कायमच्या सरकारी नोकरीला इथे नागरिकत्व लागतं. आपल्याकडून येणारे एनआयएचला (इथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) व्हिजिटिंग फेलो म्हणून येऊ शकतात, पाच वर्षांपर्यंत. तिथे शिकून परत जाऊन आयसीएमआर किंवा एम्समधे लागलेले ओळखीचे आहेत. माझ्या मते मृण्मयीने पीएचडी भारतातच करावी, उष्णता आणि कामगार हा विषय तिकडेच आहे.

सुनीलमामा
भाचीसाठी वाचतोय. तिचं नुसतं बीएस्सी झालंय, झूलॉजी. ती यात कुठे बसते? फॉरेन्सिकचं ऐकलंय.

वाडी_नागपूर
सुनीलमामा, बीएस्सीवर डीआरडीओच्या सेप्टॅम या भरती केंद्रातून टेक्निकल असिस्टंटच्या जागा निघतात, कुठले विषय आहेत ते त्या वेळी बघायचं. फॉरेन्सिकला कलिनाची राज्याची लॅब आणि पुण्याची केंद्राची, जीवशास्त्र विभाग असतो दोन्हीकडे, पण वैज्ञानिक पदाला साधारण एमएस्सी लागतं. ड्रग इन्स्पेक्टरच्या मागे लावू नका तिला, त्याला फार्मसीची डिग्री लागते, दरवर्षी किती मुलं उगाच फी भरतात.

मृण्मयी_२३
सगळ्यांचे मनापासून आभार, मी वहीत सगळं उतरवून घेतलंय. ठरवलं ते असं: नेटला पूर्ण जोर, निकाल लागेपर्यंत जवळच्या कॉलेजात ट्यूटर, आणि एनआयओएच व डिपास दोन्हीकडच्या जेआरएफच्या जाहिराती रोज बघायच्या. पीएचडीचा विषय ऊसतोड कामगार आणि उष्णता, सरांना काल बोलले, ते चक्क खूश झाले आणि म्हणाले कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ते स्वतः फोन करतील. एक शेवटचं. माझ्याकडे एसईबीसीचा दाखला आहे. तो या केंद्राच्या जागांना चालतो का?

गिरकी
नाही चालत. एसईबीसी फक्त राज्यात. केंद्रासाठी ईडब्ल्यूएस काढ, उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असशील तर, आणि तो केंद्राच्या नमुन्यातच हवा, तहसीलला तसं सांगून घे. वर्षाचं वर्ष नवा काढावा लागतो, म्हणून एप्रिल उजाडला की आधी त्या रांगेत उभी राहा, जाहिरात आल्यावर पंधरा दिवसांत तो हातात येत नाही. इतर कोणी ओबीसी असेल तर त्यांनीही हेच, केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर वेगळा असतो. ऊसतोडीच्या प्रश्नावलीचा मसुदा झाला की मला मेसेज कर, उष्णतेच्या चाचण्यांचा भाग मी बघून देईन.